कोपराखालचा माळढोक: विडी वळणाऱ्या बाईसाठी आभासी सोबती घडवताना

दिवसाला हजार विड्या म्हणजे २५ची एक अशा ४० जुड्या. दहा तास बसलं तर तासाला १००, म्हणजे एका विडीला ३६ सेकंद. पान कापणं, तंबाखू भरणं, वळणं, दोरा बांधणं, तोंड दुमडणं हे सगळं त्या ३६ सेकंदांतच आलं. मजुरी नगावर असते. ‘दर तासाला पाच मिनिटं विश्रांती घ्या’ असं सांगणारं यंत्र या बाईला दिवसाला ५० मिनिटं, म्हणजे ८०च्या वर विड्या, तीन जुड्यांहून जास्त मागतं. असं यंत्र पहिल्याच आठवड्यात फडताळात जातं आणि तिथून परत येत नाही.

प्रकरण सोलापूरच्या पूर्व भागातलं आहे. यातली बाई म्हणजे कुणी एक नेमकी व्यक्ती नव्हे. विडी घरकुलापासून कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीपर्यंत ज्या प्रकारची घरं आहेत, त्यांतली परिस्थिती इथे एका घरात मांडली आहे. वय ४८. घरात तेलुगू, बाहेर मराठी. मुलं ‘अम्मा’ म्हणतात, शेजारणी ‘अक्का’. लिहिता-वाचता जेमतेम येतं. घरात स्मार्टफोन एकच, तोही मुलाचा, आणि मुलगा दिवसभर बाहेर. वरती पत्रा. नळाला पाणी रोज येत नाही. येतं त्या दिवशी घरातली सगळी माणसं हंडे-कळश्यांमागे पळतात.

अंगावर घालायच्या छोट्या पडद्यातला आभासी प्राणी तिला स्वतःच्या काळजीची आठवण करून देईल, असं उपकरण घडवायचं होतं. त्यासाठी तीनच सवयी धरल्या. तासा-दीड तासाने एक फुलपात्र पाणी. पाऊण तासाने पाठ, खांदे आणि बोटं मोकळी करणं. जेवणाआधी आणि नातवाला उचलण्याआधी साबणाने हात धुणं, कारण तंबाखूतलं निकोटिन ओल्या कातडीतूनही अंगात जातं आणि विडीची पानं भिजवलेलीच असतात. चौथी सवय घालण्याचा मोह होतो: डोळ्यांना विश्रांती, फिरणं, लवकर झोप. तो आवरावा. तीन सवयींतली एक जरी टिकली तरी उपकरण कामी आलं म्हणायचं. (हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर पाण्याची आठवण बंद ठेवायची. ती सोय पहिल्या दिवसापासून हवी.)

उपाशी राहणारा प्राणी नको

आभासी पाळीव प्राण्याचा मूळ नमुना १९९६च्या नोव्हेंबरात जपानात बांदाई कंपनीने बाजारात आणला: तामागोची. अंड्याएवढं खेळणं, त्यात एक जीव. त्याला खाऊ घालायचं, त्याची घाण काढायची. हयगय झाली की तो मरायचा. पुढच्या बहुतेक सवय लावणाऱ्या प्राण्यांनी हाच सांगाडा उचलला. तुम्ही पाणी प्यायलात तर प्राणी टवटवीत, विसरलात तर तो कोमेजतो.

हा सांगाडा इथे उलटा पडतो. ही बाई पहाटेपासून रात्रीपर्यंत इतरांचंच खाणं-पिणं, औषधं, डबे सांभाळत असते. तिच्या अंगावर आणखी एक तोंड बांधायचं आणि ते सुकलं की दोष तिचा, यात काळजी कसली? वर तिच्या हातात नसलेल्या गोष्टींचीही शिक्षा होते. पाण्याचा दिवस, ब्रँचला, म्हणजे कारखान्याच्या विड्या जमा करायच्या केंद्रात, विड्या देण्याची घाई, घरात पाहुणे. तीन दिवस ओळीने प्राणी मलूल दिसला की माणूस यंत्र काढून ठेवतं, आणि ते शहाणपणाचंच असतं.

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवयींचा अभ्यास केला, तो २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. एखादी नवी कृती अंगवळणी पडायला मध्यक ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाबाबतीत अंदाज २५४पर्यंत गेला. आपल्या कामाचं त्यातलं दुसरं निरीक्षण आहे: मधे एखादी संधी हुकली म्हणून सवयीचं घडणं फारसं बिघडत नाही. मग हुकलेल्या दिवसाला रडणारा प्राणी कशाला ठेवायचा?

म्हणून नियम उलटा केला. या प्राण्याला काहीच लागत नाही. वेळ झाली की तो स्वतः मान ताणतो, स्वतः पाणी पितो. बाईने सोबत केली तर पिसं फुलवतो, नाही केली तरी आपलं उरकून पुन्हा बसतो. गुण नाहीत, पातळ्या नाहीत, ‘सलग इतके दिवस’ असा आकडा नाही. सांभाळायला एक जीव वाढवण्यापेक्षा शेजारी बसणारं कुणीतरी देणं, एवढाच या रचनेचा हेतू आहे.

प्राणी कोणता, हे मग आपोआप ठरतं. मान वर काढणारा पक्षी हवा, आणि सोलापूर जिल्ह्यात त्याला दुसरी निवड नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९चं. माळढोकाची ओळखच त्याची उंच, ताठ मान. घरात तेलुगू असल्याने त्याचं नाव ‘पिट्टा’, म्हणजे पाखरू. नाव पडद्यावर कुठेही लिहायचं नाही. दुसऱ्या घरात दुसरं पडू दे.

छातीवरून कोपराखाली

पहिला आराखडा हुशारीचा होता, म्हणून फसणारा. ब्लाउजवर गळ्याच्या हाडाखाली उपकरण, त्यात त्वरणमापक, म्हणजे हालचाल आणि कल मोजणारी चिप. पाठ किती अंशांनी वाकली ते मोजायचं, ४० मिनिटं वाक राहिला की पक्ष्याची मानही वाकवायची. कागदावर सुरेख. प्रत्यक्षात अडचणी अशा.

सेफ्टी पिनेने एका टोकाला लटकवलेली वस्तू लंबकासारखी वागते. बाई पुढे वाकली की उपकरण अंगापासून सुटून सरळ खाली लोंबतं आणि वाक शून्य दाखवतं. तीन पिना लावल्या तर मोजमाप जमतं, पण रोज सकाळी पदर सावरत तीन पिना कोण लावणार? लोहचुंबकाची पट्टी ब्लाउजच्या आतून लावली, तर पान कापायची कात्री आणि मापाचा पत्रा त्याला येऊन चिकटतात; शिवाय कुणाच्या छातीत पेसमेकर असेल तर चुंबक धोक्याचं. डाव्या बाजूला थरथर झाली की ‘छातीत धडधडतंय’ अशी शंका येते. या सगळ्यांहून मोठं कारण डोळ्यांचं. छातीवरचा पडदा डोळ्यांपासून जेमतेम २० सेंटिमीटरवर येतो. चाळिशी लागलेल्या डोळ्याला तेवढ्या अंतरावरचं धूसर दिसतं. आणि तो पाहायला मान आणखी खाली घालावी लागते; म्हणजे मान सरळ करायला सांगणाऱ्या पक्ष्याला भेटायचं तर मान वाकवा!

मनगट तर आधीच भरलेलं: काचेच्या बांगड्या, पाटल्या. शिवाय वळताना सगळी हालचाल तिथेच.

जागा सापडते ती कोपराखाली, बांगड्यांच्या वर, उजवा हात चालवणाऱ्या बाईच्या डाव्या हाताच्या आतल्या अंगाला. कामात नजर हातांवरच असते, आणि इथून पडदा ४० सेंटिमीटरच्या आसपास पडतो. चाळिशीतही पक्ष्याचा आकार ओळखू येतो. या जागेची किंमत एकच: पाठीचा वाक मोजता येत नाही. पण तो मोजायचा कशाला? दिवसभर वाकूनच काम आहे हे बाईला यंत्राने सांगायला नको.

पट्टा २५ मिलिमीटर रुंदीच्या साध्या इलॅस्टिकचा. वेल्क्रो वापरू नये. त्याच्या आकड्यांत तंबाखूचा चुरा आणि दोऱ्याचे तुकडे अडकतात, आठवड्यात पकड जाते. पट्टे दोन द्यावेत, एक धुवायला. एकच दिला तर उन्हाळ्यात त्याखाली घामोळं उठतं आणि दोष उपकरणावर येतो.

आतलं सामान

पडद्यासाठी शार्पचा १.२८ इंची मेमरी एलसीडी, १२८ बाय १२८ ठिपके, एकरंगी. हा सुट्ट्या भागांतला सगळ्यांत महाग. स्वस्त ओलेड पडदा चालेल असं प्रत्येकाला वाटतं. पण तो पेटलेला असताना काही मिलिअँपिअर खातो, म्हणून बहुतेक वेळ बंद ठेवावा लागतो, आणि उन्हात दिसत नाही. दिवसभर काळा चौकोन असलेल्या पक्ष्याला सोबत कोण म्हणेल? मेमरी एलसीडीवर चित्र कायम राहतं. एक सांभाळायचं: सेकंदाला साधारण एकदा त्याला ध्रुवता उलटण्याची आज्ञा द्यावीच लागते. वीज वाचवायला ती थांबवली, तर काचेवर एकाच दिशेचा दाब राहून चित्राचे डाग पडतात. त्याची १० तारांची रिबन ०.५ मिलिमीटर अंतराची असते. ती बसवताना दोनदा-तीनदा मुडपली की तुटते. जोडणीपाशी थोडा फोम घालून तिला हलूच द्यायची नाही.

नियंत्रक, म्हणजे सगळं चालवणारी चिप, एसटीएम३२एल०३१: ३२ किलोबाइट साठवण, ८ किलोबाइट स्मृती. पडद्याचं एक पूर्ण चित्र २ किलोबाइट. पक्षी ६४ बाय ६४ ठिपक्यांत काढला तर एक मुद्रा ५१२ बाइट, २४ मुद्रा १२ किलोबाइटमध्ये बसतात. रेषा तीन ठिपक्यांहून बारीक ठेवू नये. डोळा, चोच, पिसांची नक्षी यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. मान वर की खाली, पंख मिटलेले की उघडे, एवढं छायेवरून कळलं पाहिजे.

या नियंत्रकात ब्लूटूथ नाही, आणि ते मुद्दाम आहे. नगावर मजुरी असलेल्या बाईच्या हातावर ती किती वेळ थांबली याची नोंद करणारं आणि ती नोंद हवेतून पाठवणारं यंत्र बांधणं म्हणजे उद्याच्या मुकादमाला आजच हत्यार देणं. ‘आम्ही माहिती कुणाला देणार नाही’ असं वचन देण्यापेक्षा माहिती देताच येणार नाही अशी सर्किटची पाटी बनवावी.

त्वरणमापक एलआयएस३डीएच, सेकंदाला १० नोंदी, सुमारे ३ मायक्रोअँपिअर. थरथरीसाठी १० मिलिमीटरची नाणेमोटर. ती ७५ मिलिअँपिअरच्या आसपास ओढते, सुरू होताना त्याहून जास्त. म्हणून सीआर२०३२चा नाणेसेल इथे चालत नाही. मोटर फिरताच सेलचा विद्युतदाब कोसळतो आणि नियंत्रक पुन्हा सुरू होतो, पक्षी दर पाऊण तासाने नव्याने जन्म घेतो. १२० मिलिअँपिअर-तासांची लिथियम पॉलिमर बॅटरी घ्यावी, मोटर थेट बॅटरीवरून मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) चालवावी आणि मोटरला उलटा डायोड लावावा. डायोड विसरला तरी लक्षण तेच: पक्षी मधेच पुन्हा सुरू.

विजेचा हिशेब. झोप, घड्याळ, पडदा, त्वरणमापक आणि दाबनियामक मिळून सरासरी ६० मायक्रोअँपिअर धरले तर दिवसाला १.४४ मिलिअँपिअर-तास. आठ वेळा प्रत्येकी ०.३ सेकंदांच्या दोन थरथरी: ०.१. आठ वेळा ४० सेकंदांचं चलचित्र: ०.१३. एकूण दिवसाला १.७च्या आत. बॅटरीचा ८० टक्के भाग वापरायचा म्हटला तर ५६ दिवस निघतात. म्हणून चार्जिंगचा दिवस ठरतो अमावस्या. घरात ती लक्षात राहते, मोबाइलवरच्या तारखा राहत नाहीत. ३० दिवसांत ५० मिलिअँपिअर-तास खर्च. एखादी अमावस्या चुकली तर पक्षी पुढची गाठतो ती मात्र अगदी कशीबशी, जुन्या बॅटरीवर तर नाहीच. अमावस्येच्या दिवशी पडद्यावर पक्ष्याशेजारी पणती येते.

चार्जिंगमध्ये नवशिके दोन चुका करतात. बाजारात मिळणारी टीपी४०५६ या चार्जिंग चिपची तयार पट्टी १.२ किलोओहमच्या रोधासह येते आणि १ अँपिअर सोडते; १२० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीसाठी तो आठपटीहून जास्त प्रवाह, बॅटरी फुगते. त्याऐवजी एमसीपी७३८३३ ही चिप घेऊन प्रवाह ५० मिलिअँपिअरवर ठेवावा आणि तिच्या तापमानाच्या पायाला (जोडणीच्या टोकाला) १० किलोओहमचा थर्मिस्टर, म्हणजे तापमानानुसार बदलणारा रोध, जोडून तो बॅटरीला चिकटवावा. टीपी४०५६च्या त्या पट्ट्यांवर हा पाय बहुधा जमिनीला जोडून निकामी केलेला असतो. सोलापुरात हे सोडून चालत नाही: एप्रिल-मे महिन्यांत बाहेर ४० अंशांच्या वर असताना पत्र्याखालच्या खोलीत दुपारी बॅटरी चार्ज करणं म्हणजे ४५ अंशांची मर्यादा ओलांडणं. थर्मिस्टर असेल तर चार्जिंग आपणहून थांबतं. रात्री दहानंतर लावलं तर दीड-दोन तासांत होतं.

दुसरी चूक: यूएसबी-सीच्या सीसी१ आणि सीसी२ या दोन टोकांना स्वतंत्र ५.१ किलोओहमचे रोध लावायचे असतात. ते नसले किंवा दोघांत एकच लावला, तर जुन्या केबलने चार्ज होतं आणि मुलाच्या नव्या सी-टू-सी चार्जरने होत नाही. मग ‘यंत्र बिघडलं’.

त्रिमितीय छपाईतलं कवच पीएलए प्लास्टिकचं छापू नये. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हातल्या खिडकीत वाकडं होतं. पीईटीजी प्लास्टिक घ्यावं. आकार ४२ बाय ४२ बाय १२ मिलिमीटर, वजन पट्ट्यासह ३० ग्रॅमच्या आत. हात धुताना पाणी कोपराकडे ओघळतं, म्हणून झाकणाच्या खाचेत सिलिकॉनची कडी आणि पाटीवर संरक्षक लेप. बटण एकच, वरून सलग सिलिकॉनचा पडदा असलेलं. उघड्या फटीत तंबाखूची पूड जाऊन ते महिन्यात अडतं.

केव्हा हलायचं

वेळेवर वाजणारं घड्याळ विडीच्या मधोमध वाजतं. पान अर्धं वळलेलं असताना हात दचकला तर तंबाखू सांडते, पान उलगडतं, आणि वाकडी वळलेली विडी तपासणीत बाद होते. म्हणून पाऊण तास सलग काम झाल्यावर पक्षी लगेच हलत नाही, संधीची वाट पाहतो. विडी बांधून झाली की पुढचं पान घ्यायच्या आधी हात क्षणभर थांबतो. त्वरणमापकात ३२ नोंदींची रांग असते. सेकंदाला १०ने ती ३.२ सेकंदांची होते. त्यातल्या शेवटच्या २० नोंदींत हालचाल ठरलेल्या उंबरठ्याखाली गेली की थरथर द्यायची. पाच मिनिटांत अशी जागा मिळाली नाही, तर ही वेळ सोडून द्यायची. उंबरठा प्रत्येक हाताचा वेगळा. पहिल्या दोन दिवसांत पक्षी गप्प बसून तो शिकतो.

बाई मधे ९० सेकंदांहून जास्त थांबली, चहाला किंवा दाराशी कुणी आलं म्हणून, तर मोजणी शून्यावर. विड्या द्यायला रिक्षातून जाताना खड्ड्यांचे धक्के कामासारखे मोजले जातात आणि पक्षी रिक्षात मान ताणतो. ही चूक दुरुस्त करता येईल, पण करू नये. कुणाचं काही बिघडत नाही आणि शेजारी बसलेल्या बाईला हसायला मिळतं.

चलचित्र ४० सेकंदांचं. पहिले १० सेकंद मान वर, म्हणजे भिंतीला पाठ टेकणं. मग पाच वेळा पंख मागे, म्हणजे खांदे मागे फिरवणं. मग पायाची बोटं उघड-मीट, म्हणजे हाताची. आठपैकी चार वेळा शेवटी पाण्यात चोच. आठ वेळा ४० सेकंद म्हणजे सव्वापाच मिनिटं, विड्यांच्या भाषेत नऊच्या आसपास. हा आकडा बाईला आधीच सांगावा. नऊ विड्या द्यायच्या की नाहीत ते तिने ठरवायचं.

उन्हाळ्यात पाण्याच्या वेळा चारच्या सहा होतात. त्यासाठी तापमानाचा संवेदक लावण्याचा विचार येतो आणि तोही सोडावा: हाताला चिकटलेल्या कवचात तो हवेपेक्षा अंगाचीच ऊब जास्त मोजतो. घड्याळातली तारीख पुरते, १५ मार्च ते १५ जून. त्याच तारखांवर मागचं दृश्य बदलतं. उन्हाळ्यात माठ, जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेतला नंदीध्वज, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ. हे बक्षीस नाही, काही न करताही मिळतं. पण नवं दृश्य आलं की सून आणि शेजारीण हात ओढून बघतात, आणि कंटाळा थोडा पुढे ढकलला जातो.

हात धुण्याची आठवण मात्र वेळेवर देता येत नाही, जेवण कधी ते यंत्राला कळत नाही. इथे यंत्राचा नाद सोडून साबण मोरीतून काढून सुपाजवळच्या तांब्याशेजारी ठेवावा. पक्षी फक्त दुपारी एकदा पाय पाण्यात बुडवतो.

पारखायचं कसं

विजेचं काहीही जोडण्याआधी तेवढ्याच आकाराचा, ३० ग्रॅम वजनाचा लाकडी ठोकळा पट्ट्यात घालून तीन दिवस वापरायला द्यावा. कुठे घासतो, भांडी घासताना काढला जातो का, काढला तर कुठे ठेवला जातो आणि परत घातला जातो का, हे सगळं ठोकळ्यावरच कळतं. मग चालतं उपकरण १२ आठवडे. तीन आठवड्यांत दिसतो तो नवलाईचा भर. ‘कितीदा पाणी प्यायलात?’ असं विचारू नये, समोरच्याला बरं वाटावं असं उत्तर मिळतं. विचारावं ते असं: काल काढून ठेवलं होतं का, कधी, का.

आठव्या आठवड्यानंतर थरथरी आठाच्या चार, दहाव्यानंतर दोन, बाराव्यानंतर बंद. पक्षी आपल्या वेळी मान ताणत राहतो, हात मात्र हलवत नाही. पट्टा खुंटीला टांगलेला असतानाही बाई मधेच भिंतीला पाठ टेकते का, हे सुनेला विचारून कळतं. टेकत असेल तर मोटर काढून टाकता येते. टेकत नसेल तर थरथरी पुन्हा चारवर न्यावी आणि आणखी सहा आठवडे द्यावेत.

राहिलं बटण. ते तीन सेकंद दाबलं की पक्षी दोन तास डोळे मिटतो. पाण्याच्या दिवसासाठी, लग्नकार्यासाठी. दोन तासांनी आपोआप जागा होतो, कारण घरात चार वर्षांचा नातू आहे आणि बटण पहिल्या दिवशी त्यालाच सापडणार आहे. नुसतं टिचकीसारखं दाबलं तर पक्षी एकदा पापणी मिटतो, बस. याहून गमतीचं काही ठेवलं, तर उपकरण आजीच्या हातावर राहणार नाही.